कोऱ्या पानावरची मुले

विषय : अल्पवयीन मुलांसाठी मृत्युपत्रात पालक नेमण्याबाबत.
संदर्भ : फार जुना. मूळ कागद उपलब्ध नाहीत.

उपरोक्त विषयास अनुसरून लहानथोर वाचकांस सादर करण्यात येते की, फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक लेखनिक राहत असे. त्याची बायको वारली होती. घरात एक मुलगी होती आणि तिच्याहून लहान एक मुलगा.

गावातली सगळी मृत्युपत्रे हा लेखनिकच लिही. येणाऱ्याला तो आधी विचारी, "मुलांचं काय?" समोरचा चाचरला, की म्हणे, "घागरी कुणाला द्यायच्या ते पाठ आहे, पोरं कुणाला द्यायची ते ठाऊक नाही. धन्य आहे." माणूस मान खाली घाली आणि एक नाव सांगे.

लेखनिकाने स्वतःचे मृत्युपत्रही लिहून ठेवले होते. अक्षर सुरेख होते. फक्त मुलांचे कलम त्यात नव्हते. भावाचे नाव लिहावे, तर मेहुणी रुसणार. मेहुणीचे लिहावे, तर भाऊ रुसणार. त्याच्या मनात खरे तर शेजारची कुंभारीण होती. मुले तिच्याच अंगणात जेवत आणि तिला आक्का म्हणत. पण तिचे नाव लिहिले असते, तर भाऊ आणि मेहुणी यांचे एकमत झाले असते, आणि तसा प्रसंग त्या घराण्यात अजून आला नव्हता. म्हणून त्याने ते पान कोरे ठेवले. सवड होती. मरणाची घाई नव्हती.

एकदा पलीकडच्या गावी जाताना त्याची नाव उलटली. लोकांनी काठ धुंडाळला, पागोटे सापडले, माणूस सापडला नाही. तो खाली दूरवर वाहत गेला होता आणि एका कोळ्याच्या झोपडीत तापाने पडला होता. अंगात बळ आल्यावर तो गावी परतला, तेव्हा चावडीत त्याच्याच मृत्युपत्राचे वाचन चालले होते.

त्याने लगेच हाक मारायला हवी होती. पण आपले लेखन लोकांना कसे वाटते, हे ऐकण्याची संधी अशा लेखकाला सहसा मिळत नाही. तो दाराआड उभा राहिला.

त्या गावची रीत अशी होती, की मृत्युपत्रात ज्याचे नाव येईल त्याच्या बाजूला ती वस्तू किंवा ते जनावर तिथल्या तिथे नेऊन उभे करायचे. पाटील वाचत होते, "म्हैस धाकट्या भावास. तिला पावसात बाहेर बांधू नये. 'पुतळी' म्हणून लाडाने बोलल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही." म्हैस भावाच्या बाजूला गेली. लोकांनी माना डोलावल्या. "पोपट मेहुणीस. त्यास भिजवलेली डाळच द्यावी." पिंजरा मेहुणीच्या बाजूला गेला. घंगाळ गेले, पलंग गेला.

पाटलांनी पान उलटले. ते कोरे होते.

चावडीच्या मधोमध आता दोन मुले तेवढी उरली होती.

भाऊ हळूच म्हणाला, "दादाला मी हवा असतो, तर त्यानं लिहिलं असतं. म्हशीपुरता मी बरा. पोरांसाठी नको होतो."

मेहुणी म्हणाली, "आणि मी पोपटापुरती. कळलं मला काय ते."

कुंभारीण मागे बसली होती. ती अर्धी उठली. पण जिचे नाव मृत्युपत्रात नाही तिने चावडीत बोलायचे नाही, अशीही रीत होती. ती परत बसली.

लहानग्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग बहिणीचा हात सोडून तो म्हशीजवळ जाऊन उभा राहिला. म्हशीला जागा मिळाली होती.

त्या काळी जनावरे गरजेपुरती बोलत. म्हैस म्हणाली, "उभा राहा बाळा. माझ्याबद्दल बरंच लिहिलंय. त्यातलं थोडं तू घे."

लेखनिक दाराआडून बाहेर आला.

"मी जिवंत आहे," तो म्हणाला.

"दिसतंय," पाटील म्हणाले. "बसा. मुलांचं काय?"

हा प्रश्न त्याने गावातल्या प्रत्येकाला विचारला होता. उत्तर देताना माणसाला खाली का बघावे लागते, ते त्याला त्या दिवशी कळले. मुलगी त्याच्याकडे धावत आली नाही. ती म्हशीपाशी गेली आणि लहानग्याला जवळ घेऊन तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी त्याने चावडीत अर्ज दिला : आपल्या माघारी मुलांची पालक म्हणून कुंभारणीची नेमणूक व्हावी. रीतीप्रमाणे तिची संमती हवी होती. तो तिच्या अंगणात गेला. ती मडके थापत होती.

"पोरं माझीच आहेत," ती म्हणाली. "ती कुठं जात नाहीत. पण माझं नाव लिहायला तुमचा हात का अडला, ते आधी चावडीत सांगा. सगळ्यांसमोर. मग मी हो म्हणते."

"भाऊ आणि मेहुणी रुसतील म्हणून."

"ते तर आताही रुसलेत," ती म्हणाली, आणि चिखलाने भरलेले आपले कुंभारणीचे हात तिने नुसते त्याच्यासमोर धरले. तो त्या हातांकडे बघू शकला नाही. तिने पुन्हा थापटणे उचलले.

तेव्हापासून तो कारण लिहायला बसतो. गावभरच्या मृत्युपत्रांची वाक्ये त्याने न अडखळता लिहिली. हे एक वाक्य पुरे होत नाही.

तात्पर्य : आपल्या माघारी मुलांना कोण सांभाळेल त्याचे नाव जिवंतपणी उघड सांगावे, कुणी रुसेल म्हणून ते लपवणारा सगळ्यांनाच दुखावतो, आणि सर्वांत आधी मुलांना.

कारण जोडलेले नसल्यामुळे सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.