कुंकू धुतलं की निघायचं

हं म्हणत राहा, नाहीतर मी मध्येच थांबेन. ही गोष्ट पाण्याची आहे, आणि पाण्याच्या गोष्टीत ज्याला डुलकी लागली त्याचं काही खरं नाही.

पानमोडी नदीवर पूल नव्हता आणि वडाळखेडात दगडी घर एकच, पाटलांचं, त्या काळात तिथं येसू नावाची एक गुरवीण राहायची. नवरा लवकर गेलेला. एकच लेक, मैना, ती गावातच दिलेली, अगदी नदीकाठच्या घरात. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर पाणमायची शिळा होती, शिळेवर मायचे पाय कोरलेले. तिच्यासमोर सारवायचं आणि रोज सकाळी त्या पायांना कुंकू लावायचं, हे येसूचं काम. गावाचा नेम असा, की पुराच्या पाण्यानं ते कुंकू धुतलं की हातातलं काम टाकायचं आणि गावामागच्या पांढरीच्या टेकाडावर चढायचं. सगळा सपाट मुलुख, दुसरी उंच जागा कोसभर नाही. शिळा कुणी बसवली कोण जाणे, पण जागा अचूक हेरली होती, असं म्हणतात. कुंकू धुतल्यापासून दारात पाणी येईपर्यंत म्हातारीकोतारीसुद्धा टेकाडावर पोचायची.

आता चूक ऐका. दर पुराला गाळ यायचा, मायचे पाय गाडले जायचे आणि ते उकरता उकरता येसूची कंबर मोडायची. "मायले चौथरा बांधून द्या ना, पाटीलजी," असा तिनं तीन वर्षं धोशा लावला. शेवटी पाटलांनी छातीएवढा चौथरा बांधला आणि वाजतगाजत शिळा वर बसवली. येसू त्या दिवशी आनंदानं रडली, तिचं पाहून सगळं गाव रडलं.

पुढच्याच पावसाळ्यात लहानसा पूर आला. पाणी मैनाच्या अंगणात शिरलं आणि वर मायचं कुंकू जसंच्या तसं! येसूच्या लक्षात आलं, माय वर चढली होती, गाव होतं तिथंच होतं. त्यात वरच्या डोंगरातलं सागवान तुटलेलं, गवत गेलेलं. पूर्वी डोंगरातलं पाणी दीड दिवसानं यायचं, ते आता सकाळी पडलं की दुपारी दारात यायला लागलं. ती घरोघर सांगत सुटली. लोक म्हणायचे, "मायचे पाय कोरडे हायेत ना? मंग कायले भेता, येसूबाई?" शिळा खाली घ्या म्हणावं, तर स्थापना झालेला देव हलवायचा कसा? आणि चौथरा मागितला कुणी होता? तिनंच. ते तिला घास गोड लागू देईना.

भाद्रपद लागला. मैना बाळंत होऊन सातवा दिवस होता. लख्ख ऊन, गावात पावसाचा थेंब नाही. येसू नदीवर गेली आणि जागच्या जागी थबकली. पाण्यात डोंगराची तांबडी माती, मुळासकट उपटलेली झुडपं, आणि नदी आवाज न करता चढत होती. ती धावत पाटलांकडे गेली.

"वर लय पाऊस झाला हाये, पाटीलजी. आत्ताच निघा लागते."

"ऊन तर पाहा बाई," पाटील हसले. "मायचं कुंकू धुतलं म्हणजे सांगा."

येसू तडक शिळेकडे गेली. ती चौथऱ्यावर चढली, मायच्या पायांचं कुंकू चिमटीत घेतलं आणि खाली उतरून मायच्या जुन्या जागेवर, मातीत, नदीकडे पाय करून बसली. आणि ते कुंकू तिनं स्वतःच्या पायांना लावलं. अगं बाई गं! विधवा बाई, देवीचं कुंकू, आणि तेही स्वतःच्या पायांना! गावभर बोंब झाली. पाटील काठी घेऊन धावले, त्यांच्यामागे सगळं गाव. शिवी द्यायला त्यांनी तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. पाणी सरकत आलं, येसूच्या पायांना लागलं आणि कुंकू धुऊन घेऊन गेलं.

"माय इथंच होती," येसू म्हणाली. "आता तरी निघा!"

पाटलांनी काठी टाकली. मग एकच पळापळ झाली. पण माणसाचा जीव कशात अडकेल सांगता येत नाही. कुणी हंड्यासाठी मागे फिरे, कुणी शेळीसाठी. म्हणून येसू उठली नाही. पाणी आपल्या अंगावर कुठवर चढलं, याची ती बसल्या जागेवरून हाक देत राहिली, "घोट्याले!" मागे फिरलेली माणसं पुन्हा टेकाडाकडे पळाली.

मैनाची सासू मात्र दार अडवून उभी. "दहा दिवस झाल्याबिगर बाळंतीण उंबरा वलांडत नाई!" तेवढ्यात हाक आली, "कमरेले!" आणि उंबऱ्यावरून पाणी आत आलं. मग सासूनंच बाजेचा एक पाय खांद्यावर घेतला. बाजेवर मैना रडत होती, "माय, उठ व आता!" पण दोघींच्या मध्ये नदी आली होती.

"गळ्याले!"

तिथं पाणी थांबलं, असं म्हणतात. इकडे झाडं वाहून चालली होती, आणि येसूच्या गळ्याशी पाणी हलत नव्हतं. बाज टेकाडावर टेकली तेव्हा खालून आवाज आला, "आले का सगळे?"

मैनानं बाळाला छातीशी धरलं आणि होता नव्हता तो जीव एकवटून ओरडली, "आलो व माय, सगळे आलो!"

त्यानंतर पाणी पुढे सरकलं.

तिसऱ्या दिवशी पूर ओसरला. येसू सापडली नाही. मायच्या जुन्या जागी, ओल्या गाळात, दोन पावलांएवढी माती कोरडी होती आणि कुंकवानं लाल होती, असं म्हणतात.

चौथरा अजून आहे, मायही वरच आहे, पण पुराच्या दिवसांत तिच्या पायांकडे कुणी बघत नाही. भाद्रपदात गावातल्या बाया पाळीपाळीनं खाली त्या जागेवर बसतात, पायांना कुंकू लावून, सवाष्ण असो की विधवा. कुंकू धुतलं की "घोट्याले!" अशी हाक द्यायची आणि लगेच उठायचं. बसून राहायचं नाही, ते एकदा झालं तेवढं पुरे. टेकाडावर माणूस न् माणूस मोजतात, आणि मग एखादी माहेरवाशीण नदीकडे तोंड करून ओरडते, "आलो व माय, सगळे आलो!" तोवर वर चूल पेटत नाही. आणि एक जरी माणूस खाली राहिलं असेल, तर पोरं भुकेनं कितीही रडोत, ती ओरडत नाही. येसूला खोटं सांगायचं नाही.