चोच बेटाकडेच

ही तेव्हाची गोष्ट आहे, जेव्हा समुद्राला कुणी नाव दिलं नव्हतं. त्याच्या काठावर क्रौंच पक्ष्यांचा एक थवा राहत होता. दर हिवाळ्याच्या तोंडावर तो पूर्वेच्या बेटावर जाई. वाटेत टेकायला एक खडकही नव्हता.

थव्याची एक कडक रीत होती. उडताना प्रत्येकाची चोच बेटाकडेच हवी. चोच वळली, की तो फितूर.

त्या वर्षी उत्तरेचा वारा सुटला. एका म्हाताऱ्या क्रौंचीने काठावरून एक पीस सोडून पाहिलं. ते पार दक्षिणेला वाहत गेलं. ती थव्याच्या नायकाकडे गेली.

"नायका, वारा आडवा आहे. चोच थोडी उत्तरेला ठेवू. वारा ढकलेल आणि आपण नेमके बेटावर उतरू."

"बेट समोर असताना रिकाम्या पाण्याकडे बघत उडायचं?" नायक म्हणाला.

"आजीबाई, डोळे गेले वाटतं!" कुणीतरी टोमणा मारला. थवा खो खो हसला.

"डोळे शाबूत आहेत म्हणूनच सांगतेय."

"मग जा एकटी."

म्हातारीची लेक शेजारीच होती. तिनेही ते पीस पाहिलं होतं.

"चल गं माझ्याबरोबर," आई म्हणाली.

"आई, सगळे काय म्हणतील?" लेकीने नजर चोरली.

थवा निघाला. वारा त्यांना दक्षिणेला ढकली; ते पुन्हा चोच बेटाकडे वळवत; वारा पुन्हा ढकली. सरळ वाटणारी वाट धनुष्यासारखी वाकत, लांबत गेली. बेट जवळ आलं, तेव्हा ते उत्तरेला होतं. आता वारा आडवा नव्हता. थेट तोंडावर येत होता. आणि पंखांत बळ उरलं नव्हतं.

म्हातारी केव्हाच बेटावर उतरली होती. तिला थवा दिसला. पंख हलत होते, पक्षी मात्र जागच्या जागी लटकले होते. मग एकेक खाली पडू लागला.

तिने लेकीला हाक मारली. वाऱ्याने ती लेकीपर्यंत नेली. लेकीनेही चोच उघडली, पण तिचा आवाज वाऱ्याने मागे फेकला. मग तीही पडली.

नायक सर्वांत शेवटी गेला. बुडतानाही त्याची चोच बेटाकडेच होती. त्याला निष्ठावान म्हणू नका. त्या निष्ठेने अख्खा थवा बुडवला.

बोध: आडवा वारा नाकारणाऱ्याला ध्येय शेवटपर्यंत दिसत राहतं, हाती मात्र लागत नाही.