भुरकीचा सैल अंगरखा

ओढ्याला अजून नाव मिळालं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. काठच्या ऐनाच्या झाडावर भुरकी नावाची उडती खार राहायची. तिच्या पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत दोन्ही बाजूंनी कातडं लोंबायचं. वरच्या फांदीवरचं शेकरू रोज म्हणायचं, "भुरके, कुणाचा अंगरखा चोरलास? मापाचा तरी बघायचास."

भुरकीला चैन पडेना. तिची मावशी म्हणाली, "अगं, आपलं असंच असतं."

"असंच म्हणजे काय? मला उपाय हवा," असं म्हणून तिने ऐनाचा ओला डिंक फासला आणि लोंबतं कातडं पोटाशी घट्ट चिकटवून टाकलं.

"आता कशी शोभतेस," शेकरू म्हणालं. भुरकी दिवसभर मिरवली.

तिन्हीसांजेला उदमांजर ऐनावर चढू लागलं. शेकरू लांब उडी मारून शेजारच्या झाडावर पळालं. तेवढी उडी भुरकीच्या पायांत नव्हती. बाकीच्या उडत्या खारी कातडं पसरून ओढ्यापलीकडच्या उंबरावर तरंगत गेल्या. भुरकीने पाय ताणले, पण कातडं उलगडेना. उदमांजर खालच्याच फांदीवर आलं, तेव्हा तिने दातांनी केसांसकट डिंक ओरबाडला आणि स्वतःला हवेत झोकून दिलं. रक्ताळलेलं कातडं फडफडत उघडलं.

सकाळी ती उंबराची फळं खात बसली होती. शेकरू ऐनाच्या काठावरून ओरडलं, "भुरके, पुन्हा लोंबलं की गं सगळं!"

"इथवर नीट ऐकू येत नाही, शेकरूकाका," भुरकी म्हणाली. "इकडे येऊन बोला."