पोपटीने जिवाणूंना हाकललं

फार जुनी गोष्ट आहे. किनाऱ्याजवळच्या एका खडकावर पोपटी नावाचं समुद्री शेवाळ राहायचं. तिच्या झालरदार पानांवर असंख्य जिवाणूंची वस्ती होती.

"फुकट राहता आणि माझं रूप मळवता," असं म्हणून पोपटीने एकदा त्यांना हाकललं. ते निमूटपणे ओहोटीबरोबर निघून गेले.

त्यानंतर तिला नवीन पान फुटेना, नुसते बेढब गोळे वाढू लागले. खेकड्याने तिलाच विचारलं, "इथली पोपटी कुठे गेली हो?"

"मीच ती," पोपटी ओशाळून म्हणाली. "मला घडवणाऱ्यांनाच मी मळ समजले. आता अक्कल आली, पण ती ठेवायला धड अंग उरलं नाही."

भरतीबरोबर जिवाणू परतले. त्यांनी बिचकत विचारलं, "बाई, कुठे राहू?"

"कुठेही राहा," पोपटी म्हणाली, "फक्त माझं पान कुठून सुरू होतं, तेवढं मला सांगा."