निंबाखालचा गाइडचा दगड

ताई, त्या दगडावर बसू नका. तसं काही होत नाही, पण लोक बघतात आणि भलतंच समजतात. तो गाइडचा दगड आहे. आमच्या विद्यापीठात पीएच.डी.ची तोंडी परीक्षा चालू असली की गाइड आत थांबत नाही, इथं निंबाखाली येऊन बसतो. माझी सगळी नोकरी इथल्या बागेत गेली, म्हणून ठाऊक.

विद्यापीठ नवीन होतं तेव्हाची गोष्ट. सिंधू लांजेवार नावाची मुलगी होती म्हणे, खारपाण पट्ट्यातली. खाऱ्या जमिनीत तग धरणारी ज्वारी तिनं शोधली. तिचे गाइड डॉ. गणोरकर. माणूस फार गोड बोलायचा, आणि अशा माणसाचा मला आधीच संशय येतो. त्या ज्वारीवरचा निबंध त्यांनी परिषदेत वाचला तो एकट्याच्या नावानं, असं सांगतात. पोरीनं तक्रार केली, तर सगळे तिलाच खोटं ठरवायला लागले.

परीक्षेच्या दिवशी ती म्हणाली, "सर खोलीत आहेत तोवर मी तोंड उघडणार नाही. पदवी गेली तरी चालेल. आणि माझं झालं की त्यांनाही विचारा."

परीक्षक बाहेरगावचे. त्यांनी सरांना बाहेर बसायला सांगितलं. सर हसत हसत येऊन या दगडावर बसले.

दुपारी परीक्षक बाहेर आले आणि त्यांनी एकच विचारलं, ही ज्वारी पिकली कुठं? "कुठं म्हणजे? आपल्या प्रयोगशेतावर," सर म्हणाले. अहो, प्रयोगशेतावरचं तर सगळं पीक जळालं होतं. ज्वारी आली होती तिच्या बापाच्या वावरात, आणि प्रबंधात पहिल्याच प्रकरणात तसं लिहिलं होतं. सरांनी न वाचताच सही ठोकलेली. तेवढ्यात दगड असा तापला म्हणे, की सर ताडकन उठले. सावलीतला दगड तापतो कसा, ते मला विचारू नका.

सिंधूला पदवी मिळाली, ज्वारीलाही तिचंच नाव लागलं. पुढं ती स्वतः गाइड झाली. तिच्या पहिल्या विद्यार्थ्याच्या परीक्षेला लोक मुद्दाम बघायला जमले. बाई दगडावर बसली ती परीक्षा संपल्यावरच उठली.

आजही ती रीत मोडलेली नाही. आत्ता आत एका मुलीची परीक्षा चालू आहे. तिचे गाइड ते बघा, पलीकडं उन्हात उभे. मघाशी मी म्हटलं, सर, सावलीत बसा की. तर म्हणाले, पाठ दुखते.