न थांबलेले हात

वेशीजवळचा हा रांजण बघा, पाहुण्यांनो. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून, थापून केलाय. चाक याला लागलंच नाही. आमच्या कुंभारवाड्यात रांजण बायकाच घडवतात. आणि हे काचेत लावलेलं जुनं पोस्टकार्ड. यात बाई दिसते, रांजण दिसतो, पण बाईचे हात किती, ते सांगा बघू.

ही तुळसाक्का, माझ्या सासऱ्यांची आजी. असं सांगतात, की एका साली विहिरी आटल्या आणि वाटसरू वेशीवर येऊन पाण्यावाचून कोसळू लागले. तुळसाक्का मातीआईला नवस बोलली, वेशीवर माझ्या हातचा रांजण भरून ठेवीन. दोन रांजण तडकले. आमच्या टेकडीची माती भारी मानी. काठ चढवताना हात थांबला, की तिथंच चीर पडते. आता मळलेली माती तिसऱ्यापुरतीच उरली होती.

तिसऱ्याचा काठ चढत होता आणि नेमका तेव्हाच एक साहेब तीन पायांचा कॅमेरा घेऊन आला, म्हणे. त्याला पोस्टकार्डं छापायची होती. टेकडीचा मालक पाटील त्याच्या पुढंपुढं करत होता. साहेबानं खूण केली, हलायचं नाही.

पाटील म्हणाला, "तुळसे, घटकाभर हात आवर. न्हाईतर उद्यापासनं टेकडीवर पाय ठेवू देणार न्हाई."

सगळा कुंभारवाडा हबकला. माती बंद म्हणजे घरोघरची चूल बंद.

तुळसाक्कानं मानसुद्धा वर केली नाही. "पाटील, टेकडी तुमची. हात माझं हाईत, आणि ते मातीआईला दिल्यात."

साहेबानं चिडून तसाच फोटो काढला आणि गेला. पाटलानं टेकडीच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकून ती बंद केली. रांजण मात्र भट्टीतून अखंड निघाला आणि वेशीवर भरून राहिला, तोच हा.

पुढं महिन्याभरानं साहेबानं छापलेलं पोस्टकार्ड पाटलाकडं आलं. पाटील बघतो तर काठावर दोन हात नाहीतच, आठ-दहा हातांचं नुसतं धुकं! हललेलं पुसट येतं, हे आज कुणीही सांगेल. पाटलाला त्यात मातीआई दिसली, आणि मला विचाराल तर त्याचं काही चुकलं नाही. तो अनवाणी गेला, काट्या काढल्या आणि मातीची पहिली पाटी डोक्यावर घेऊन तुळसाक्काच्या दारात उतरवली.

आजही दरसाल माती काढायला लागलो, की पहिली पाटी पाटलांच्या घरचाच माणूस वाहतो. आणि ही समोर काठ चढवतेय ना, ती माझी सून मंजुळा. फोटो खुशाल काढा. फक्त तिला 'जरा थांब' म्हणू नका. ती थांबणार नाही.