परातीतली चांदी

“मग सरळ मत्सर म्हणा की त्याला, वस्ताद! तुमच्या गाडीला माझं चाक चालतं आणि ह्यांच्या गाडीला चालत नाही, ह्याला दुसरं नाव काय?”

शिष्याचा आवाज गॅरेजच्या पत्र्यावर आपटून परत आला. त्याच्यासमोर पाटावर बसलेल्या वृद्धेनं हातातला पाना खाली ठेवला. दोघांच्या मधोमध, रिकाम्या दुधाच्या कॅनवर बसलेला गवळी एकदा इकडं, एकदा तिकडं पाहत होता.

“ओरड,” वृद्धा म्हणाली. “घसा बसला की सांग, चहा मागवते.”

“मी ओरडत नाही.”

“छे! पत्रा आपोआप वाजतोय.”

गवळी फिसकन हसला, शिष्यानं मान वळवताच गप्प झाला.

भांडणात कुणाची बाजू घ्यायची ते ठरवण्याची घाई करू नका. आधी मागचं ऐका.

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एका वृद्धेचं मोटारसायकली दुरुस्त करण्याचं गॅरेज होतं. घाट चढणारी आणि उतरणारी प्रत्येक गाडी तिच्या दारावरून जाई, आणि नुसत्या आवाजावरून तिला कळे की कुणाची चेन सैल झाली आहे. लोक तिला वस्ताद म्हणत. बाईला वस्ताद म्हणावं की नाही असा प्रश्न सुरुवातीला काही पुरुषांना पडला होता. मग घाटात त्यांच्या गाड्या बंद पडल्या आणि प्रश्न सुटला.

तिच्याकडं एक शिष्य होता. त्याच्या हातात काय होतं ते देवालाच ठाऊक. कानस धरली की लोखंड स्वतःहून आकाराला येतंय असं वाटे. त्याला ध्यास लागला होता एकाच वस्तूचा. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला एक मोठं दातेरी चक्र असतं, स्प्रॉकेट म्हणतात त्याला, गॅरेजात नुसतं ‘चाक’. चेन त्याच्या दातांत अडकते आणि चाक फिरवते. एवढीच गोष्ट, पण थांबून तिचा विचार करा. इंजिनाची सगळी ताकद, चालवणारा, त्याच्यामागं बसलेलं माणूस, डब्यातली भाकरी, लटकवलेलं सामान, हा अवघा संसार डोंगरावर चढतो तो करंगळीच्या पेरापेक्षा लहान अशा काही दातांवर. एका दातावर भार येतो, तो पुढच्याच्या हवाली होतो, पुढचा त्याच्या पुढच्याच्या. दिवसभर, न बोलता. हे ज्याला नवल वाटत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही.

कंपनीचं चक्र पोलादाचं आणि जड असतं. शिष्यानं ते अ‍ॅल्युमिनियमचं केलं. आधी पत्र्याचा साचा कापला, साच्यावरून दात घडवले, मग मधला भाग कोरून त्यात अशी जाळी काढली की लग्नाच्या रांगोळीला लाजवील. शहरातून त्यावर कडक सोनेरी मुलामा चढवून आणला. हातात घेतलं तर क्षणभर वाटे, वस्तू हातात आली की फक्त तिचा रंग आला.

वृद्धेनं ते चक्र उन्हात धरलं आणि जाळीतून कितीतरी वेळ आकाशाकडं पाहत राहिली. तिचा स्वभाव कौतुकाचा नव्हता. पण त्या दिवशी ती म्हणाली, “हे मला आयुष्यात जमलं नसतं.” शिष्याला त्या वाक्यानं इतकं भरून आलं की तो विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आला.

त्या गॅरेजचा एक शिरस्ता होता. तिथं घडवलेली कुठलीही वस्तू गिऱ्हाइकाच्या गाडीला लागण्याआधी वस्तादच्या गाडीला लागे. मग ती गाडी घेऊन वृद्धा स्वतः घाट चढे आणि उतरे, आणि ‘हं’ म्हटल्यावाचून ती वस्तू दुकानाबाहेर जात नसे. त्याप्रमाणे सोनेरी चक्र तिच्या गाडीला लागलं. गाडी भिंगरीसारखी पळू लागली. चक्र मोडलं नाही, वाकलं नाही, कुरकुरलंसुद्धा नाही. शिष्य रोज तिच्या तोंडाकडं पाही आणि ‘हं’ काही येत नसे.

त्यापेक्षा विचित्र असं एक काम मात्र तिनं सुरू केलं होतं. घाटातून परत आली की ती चेनचं झाकण उघडी, जुना दात घासायचा ब्रश घेई, आणि चेन व चक्र स्वच्छ रॉकेलनं धुऊन काढी. धुवणाचा एक थेंब ती जमिनीवर पडू देत नसे. खाली पितळी परात धरी, परात फळीवर ठेवी आणि वर झाकण घाली. शिष्यानं एकदा विचारलं, “ओतून देऊ का ती घाण?” तर ती म्हणाली, “हात लावलास तर याद राख.” म्हातारपणाचं सोवळं, असं मनाशी म्हणून त्यानं नाद सोडला.

आणि मग गवळी आला. वरच्या गावातून तो दररोज पहाटे मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना दुधानं भरलेले कॅन लटकवून घाट उतरे. मागं त्याची बायको, कॅनवर पाय टेकवून, पदर कमरेला घट्ट खोचून. गावात दारोदार माप घालायचं काम तिचं. त्याची चेन आणि चक्र पार झिजली होती. दारात उभ्या वस्तादच्या गाडीवर त्याची नजर गेली.

“आक्का, मला बी तसलंच सोन्याचं बसवा की! चढाला गाडी लई रडतीया.”

शिष्यानं तर दुसरं चक्र केव्हाच घडवून, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. तो ते तान्ह्या पोरासारखं घेऊन आला. ह्या गवळ्याला अख्खा घाट ओळखे. त्याच्या गाडीला चक्र लागलं की ते चार गावं पाहतील, हेही त्याच्या मनात होतंच. का नसावं?

वृद्धा म्हणाली, “ह्याला पोलादाचं बसव.”

भांडण पेटलं ते इथं.

“वजन किती वाचतं ठाऊक आहे तुम्हाला?” शिष्य आता गवळ्याकडं वळून बोलत होता, म्हणजे ऐकवत होता तिला.

“ठाऊक आहे,” वृद्धाच बोलली. “एका वळणावर हा जेवढं दूध सांडतो, तेवढं.”

“आवं आक्का, सांडत न्हाई मी!”

“गप. मांजरं तुझ्या गाडीमागनं घाट उतरतात.”

“चेष्टा नको, वस्ताद,” शिष्याचा आवाज चिरकला. “धोक्याचं होतं तर तुम्ही इतके महिने त्यावर का बसलात? मरायला? आणि धोक्याचं नव्हतं, तर मला ‘हं’ का म्हणाला नाहीत?”

ह्या प्रश्नात मात्र राग नव्हता, दुखणं होतं. वृद्धेनं ते ओळखलं. ती उठली, फळीवरची परात दोन्ही हातांनी उतरवून दारातल्या उन्हात आणून ठेवली आणि झाकण काढलं.

“बस इथं. आणि जरा श्वास आवर, तेल हलेल.”

परातीत वर तेल साचलं होतं, त्याखाली घाटाची तांबडी माती निवळून बसली होती. वृद्धेनं परात हळूच कलती केली. माती सरकली आणि तिच्या मागोमाग, काठाच्या वळणावरून, एक चंदेरी रेघ चालत निघाली. आधी केसाएवढी. मग ती पसरली, फुटली, आणि काळ्या तेलात असे कण चमकू लागले की जणू कुणी अमावास्येचं आकाश परातीत उतरवलं आहे. गवळी कॅनवरून उठून उकिडवा बसला. “आई गं,” एवढंच म्हणाला.

शिष्यानं बोट बुडवलं. बोटावर चांदी लागली. ती काय आहे ते त्याला सांगावं लागलं नाही.

“हे… माझं चाक?”

“तुझं चाक,” वृद्धा म्हणाली. “दर खेपेला थोडं थोडं उतरत होतं. वरचा मुलामा म्हणजे दुधावरची साय, तो होता तोवर काही कळलं नाही. साय फाटली, घाटाची वाळू चेनमध्ये शिरली, आणि आतला मऊ जीव तिला सापडला. आण तुझा साचा.”

तिच्या गाडीचं चक्र उतरवून शिष्यानं त्यावर आपला पत्र्याचा साचा ठेवला. जे दात साच्याशी नखाइतकीही फट न ठेवता जुळले होते, त्यांच्या एका अंगानं आता ऊन आरपार येत होतं. दात मोडले नव्हते. सगळे एकाच दिशेला झुकले होते, मांजरीच्या नखांसारखे टोकदार. तो दातांवरून अंगठा फिरवत राहिला. मोडलं नाही म्हणजे टिकलं, असं तो इतके दिवस समजत होता. त्याच्या डोळ्यांदेखत, पळता पळता, कसलाही आवाज न करता, चक्र निघून चाललं होतं.

“अजून थोडी वाट पाहिली असती,” वृद्धा म्हणाली, “तर एके दिवशी चेन दातांवरून उडी मारते. उतारावर उडाली, चाकात अडकली, की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. गाडी थांबत नाही.”

गवळ्यानं नकळत आपल्या गाडीच्या मागच्या सीटकडं पाहिलं. तिथं त्याच्या बायकोची घडी घातलेली चुंबळ होती.

“म्हणजे माझं चाक वाईट,” शिष्य पुटपुटला.

“वाईट?” वृद्धा एवढ्या जोरात कडाडली की गवळीच दचकला. “खबरदार, माझ्या गॅरेजातल्या वस्तूला वाईट म्हणशील तर! इतकं देखणं चाक ह्या पत्र्याखाली कधी झालं नाही आणि मी मरेतो होईल असं वाटत नाही. शर्यतीच्या गाडीला लाव. तिथं फेरी संपली की माणसं गाडी उघडून बसतात, दात बघतात, उतरवून नवं घालतात. माझ्या गाडीला लाव. मी दर खेपेला हेच करत होते. इतके महिने मी त्यावर बसले ती मरायला नव्हे, बघायला. ते आज झिजलेलं दिसलं, आज उतरवलं. मोडायची वेळच आली नाही.”

“मग ह्यांनाही सांगू की! धुवा, बघा, दात झुकले की आणून द्या. त्यात काय अवघड आहे?”

वृद्धेनं गवळ्याच्या गाडीच्या चेनचं झाकण उघडलं. आत चेन दिसली नाही. दूध, माती आणि जुनं ग्रीस ह्यांचं एक जाडजूड थापीव थालीपीठ दिसलं.

गवळी ओशाळला. “आता खरं सांगू का आक्का… पहाटं म्हशी, मग धार, मग घाट. दूध काय थांबतंय व्हय माझ्यासाठी? नासतंय. टायरातली हवा बी तुमचा ह्यो शिष्यच बघतोय.”

शिष्य उठला नाही. त्याच्या एका हातात झिजलेलं चक्र होतं, दुसऱ्या हातात फडक्यातलं नवं. उन्हात दोन्ही सारखीच सोनेरी दिसत होती. परातीतली चांदी एव्हाना पुन्हा तळाशी बसली होती.

“एवढी रात्रंदिवस कोरणी केली,” तो म्हणाला, आणि आता तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता. “कणाकणानं वजन काढलं मी त्यातून. ते सगळं गेलं तरी कुठं, वस्ताद?”

ह्यावर वृद्धा जे बोलली, त्यानंतर शिष्यानं नवं चक्र पुन्हा फडक्यात गुंडाळलं, फळीवरून पोलादी चक्र उतरवलं आणि गवळ्याच्या गाडीपाशी मांडी घातली. त्या दिवशी घाट चढताना गाडी पूर्वीइतकीच रडली, आणि दुसऱ्या पहाटे दूध आणि माणसं दोन्ही खाली पोचली. पण ते सगळं नंतरचं. आधी तिनं परातीवर झाकण ठेवलं, शिष्याच्या बोटावरची चांदी आपल्या पदरानं पुसली आणि ती म्हणाली:

“चाकातून काढलेलं वजन कुठं जात नाही रे लेका, ते बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊन बसतं, आणि ह्या माणसाला घाट उतरताना डोळे रस्त्यावर ठेवायचे असतात.”